ते माकडाचं चित्र आता पुरे

चार पायांवरचं माकड, मग जरा वाकून चालणारा कोणी, मग अर्धवट ताठ झालेला कोणी, आणि शेवटी हातात भाला घेतलेला माणूस. हे रांगेतलं चित्र उत्क्रांतीच्या बाजूने बोलणारे लोकच उत्साहाने शेअर करतात, आणि माझ्या मते उत्क्रांतीची बाजू सगळ्यात जास्त लंगडी केली आहे ती याच चित्राने. ते पाहिल्यावर "मग आजची माकडं माणूस का होत नाहीत?" हा प्रश्न पडणारच. विचारणाऱ्याला लोक हसतात. मला प्रश्न रास्त वाटतो, चित्रच चुकीचं आहे. चिंपांझी आपला पणजोबा नाही, चुलत भाऊ आहे. साधारण 60 ते 70 लाख वर्षांपूर्वी त्याचे आणि आपले पूर्वज एकच होते. तिथून फांद्या वेगळ्या झाल्या आणि तोही तेवढाच काळ बदलत आला आहे. माणूस व्हायचं त्याने कधी ठरवलंच नव्हतं.

दुसरी खोड म्हणजे "विज्ञानाने सिद्ध केलंय" एवढं म्हणून विषय संपवणं. कशाने सिद्ध केलंय ते सांगा ना! सांगण्यासारखं इतकं आहे.

मला कोणी एकच पुरावा मागितला तर मी हाडं, सांगाडे बाजूला ठेवून क जीवनसत्त्वाचं सांगेन. बहुतेक सस्तन प्राणी हे जीवनसत्त्व स्वतःच्या यकृतात तयार करतात. कुत्रा-मांजराला त्यासाठी फळं खावी लागत नाहीत. आपल्याला लागतात, आणि ती न मिळाल्यामुळे लांबच्या सफरींवरचे कितीतरी खलाशी स्कर्व्ही होऊन मेले. जीवनसत्त्व बनवण्याची शेवटची पायरी 'ग्युलो' नावाच्या जनुकावर अवलंबून असते. आता गंमत बघा, हे जनुक आपल्यात नाहीच असं नाही. ते आपल्या आठव्या गुणसूत्रावर आहे, फक्त मोडक्या अवस्थेत. त्याचे काही तुकडे गायब आहेत, उरलेल्यात इतक्या चुका साठल्या आहेत की त्यातून कामाचं काही तयार होत नाही.

हेच जनुक चिंपांझी, गोरिला, ओरांगउटान आणि आपल्या परिचयाच्या माकडांतही बंद पडलेलं आहे. लेमूर, म्हणजे मादागास्करमधले माकडांचे दूरचे नातलग, मात्र आपलं क जीवनसत्त्व आपणच बनवतात, आणि लेमूरची फांदी आपल्यापासून खूप आधी वेगळी झाली हे शरीररचनेवरून आधीच माहीत होतं. गिनीपिगमध्येही ग्युलो निकामी आहे, पण त्याची मोडतोड वेगळ्या पद्धतीची आहे, म्हणजे तिकडे ते स्वतंत्रपणे बिघडलं. प्रत्येक प्राणी वेगवेगळा घडवला असं मानणाऱ्यांना माझा एवढाच प्रश्न असतो: न चालणारं जनुक मुळात बसवायचंच कशाला? आणि बसवलं तरी ते नात्यागोत्याच्या हिशोबाने बिघडवायचं कशाला? याचं धड उत्तर मला अजून मिळालेलं नाही.

गुणसूत्रांचंही तसंच. आपल्याकडे 23 जोड्या, चिंपांझी-गोरिलासारख्या मोठ्या कपींकडे 24. पूर्वज एकच असेल तर एक जोडी गेली कुठे? आख्खी जोडी हरवली तर जीव जगत नाही, म्हणजे दोन गुणसूत्रं एकमेकांना जोडली गेली असली पाहिजेत. तसं असेल तर एरवी फक्त टोकाला सापडणारा 'टेलोमिअर' नावाचा भाग कुठल्या तरी मानवी गुणसूत्राच्या मधोमध दिसला पाहिजे. 1991 मध्ये आपल्या 2 क्रमांकाच्या गुणसूत्रावर नेमकी ती सांध्याची जागा वाचली गेली. पेशी विभागताना गुणसूत्र जिथून ओढलं जातं त्या भागाचे, म्हणजे सेंट्रोमिअरचे, दोन ठसेही याच गुणसूत्रावर आहेत, एक चालू आणि एक निकामी. ही जागा सापडली नसती तर उत्क्रांतीवाल्यांची चांगलीच पंचाईत झाली असती. मला हे आवडतं. जी कल्पना अशी पंचाईत ओढवून घेऊ शकते तिच्यावर विश्वास ठेवायला बरं वाटतं.

जीवाश्मांतलं माझं आवडतं प्रकरण देवमाशांचं, कारण त्यात शास्त्रज्ञांचं आपसात जुंपलं होतं. देवमासा सस्तन, म्हणजे त्याचे पूर्वज जमिनीवरचे, इथवर सगळ्यांचं जमत होतं. पण कोणते? जीवाश्म अभ्यासणारे दातांवरून सांगत की मेसोनिकिड नावाचे, आता नामशेष झालेले, खूर असलेले मांसभक्षक. 1990 च्या दशकात डीएनए वाचणारे आले आणि म्हणाले, छे, देवमाशाचा सगळ्यात जवळचा जिवंत नातेवाईक पाणघोडा आहे. हाडंवाल्यांना ते अजिबात पटलं नाही.

मग 2001 मध्ये पाकिस्तानातून मिळालेले, पाय असलेल्या प्राचीन देवमाशांचे जीवाश्म दोन वेगवेगळ्या गटांनी जाहीर केले. त्यांत घोट्याची हाडं होती. गाय, हरीण, डुक्कर, पाणघोडा या समखुरी प्राण्यांच्या घोट्यातल्या एका हाडाला दोन्ही बाजूंनी कप्पीसारखी खाच असते, इतरांना नसते. या देवमाशांच्या घोट्याला ती होती. यातल्या एका गटाचे प्रमुख फिलिप जिंजरिच आधी मेसोनिकिडच्या बाजूचे होते. स्वतःच खणून काढलेल्या हाडांमुळे त्यांना बाजू बदलावी लागली.

यापुढची गोष्ट आपल्याकडची आहे. भूवैज्ञानिक ए. रंगा राव यांनी जम्मू भागातल्या कालाकोटजवळून जीवाश्म असलेले दगड गोळा करून ठेवले होते. त्यांच्या पश्चात ते देवमाशांच्या जीवाश्मांचे अभ्यासक हान्स थेविसन यांच्याकडे गेले. दगड साफ करताना एक कवटी चुकून फुटली आणि आतलं कानाचं हाड उघडं पडलं. त्याची एक बाजू देवमाशासारखी जाड निघाली. मांजराएवढा हा समखुरी प्राणी म्हणजे 'इंडोहायस', साधारण 4 कोटी 80 लाख वर्षांपूर्वीचा. 2007 मध्ये तो देवमाशांचा अगदी जवळचा नातलग म्हणून जगापुढे आला. कवटी फुटली नसती तर कानात डोकवायचं कोणाला सुचलं असतं कोण जाणे.

"शास्त्रज्ञांमध्येच वाद आहेत" हा आक्षेप मला म्हणूनच गंमतीचा वाटतो. आहेतच की! 1968 मध्ये जपानी जनुकशास्त्रज्ञ मोतू किमुरा यांनी डीएनए-प्रथिनांच्या पातळीवरचे बहुतेक बदल नैसर्गिक निवडीने नाही, निव्वळ योगायोगाने टिकतात असं म्हटलं, आणि त्यातलं किती खरं यावर अजून भांडणं चालतात. ती भांडणं बदल कसे होतात यावर आहेत. बदल होतात का, यावर नाहीत.

आता "डोळ्यांदेखत दाखवा" म्हणणाऱ्यांसाठी. अमेरिकी जीवशास्त्रज्ञ रिचर्ड लेन्स्की यांनी फेब्रुवारी 1988 मध्ये ई. कोलाय हे आतड्यात राहणारे जिवाणू 12 वेगवेगळ्या कुप्यांत वाढवायला घेतले. हवेतला ऑक्सिजन मिळत असताना सायट्रेट, म्हणजे लिंबातल्या आम्लाचं एक रूप, खाता न येणं ही या जिवाणूची ओळखीची खूण. सुमारे 31,500 पिढ्यांनंतर एका कुपीतले जिवाणू ते खायला लागले, बाकीच्या अकरांतले नाही. मधल्या टप्प्यांचे नमुने गोठवून ठेवलेले होते. ते पुन्हा वाढवून पाहिले तर ही क्षमता साधारण 20,000 पिढ्यांनंतरच्या नमुन्यांतूनच परत उगवली. म्हणजे आधी दुसरा काहीतरी बदल होऊन जमीन तयार व्हावी लागली होती. यावर ठरलेलं उत्तर येतं, "शेवटी जिवाणूच ना!" ठीक आहे, पक्षी घ्या.

पॅसिफिक महासागरातल्या गॅलापागोस बेटांपैकी डॅफ्नी मेजर या लहानशा बेटावर पीटर आणि रोझमेरी ग्रँट हे दांपत्य 1973 पासून फिंच नावाच्या छोट्या पक्ष्यांच्या नोंदी ठेवत होतं. 1981 मध्ये तिथे एक अनोळखी नर आला, अंगाने मोठा आणि वेगळं गाणं म्हणणारा. तो 100 किलोमीटरहून जास्त लांबच्या एस्पॅनोला बेटावरच्या प्रजातीचा होता, हे पुढे डीएनएवरून कळलं. त्याने स्थानिक मादीशी जोडी जमवली. पिल्लं बापाचं गाणं शिकली, चोचीही वेगळ्याच निघाल्या, आणि स्थानिक पक्ष्यांशी त्यांचं जमेना. पुढच्या पिढ्या आपसातच जोड्या जमवू लागल्या. एका भीषण दुष्काळात या वंशातले फक्त एक भाऊ आणि एक बहीण उरले, त्यांनीही एकमेकांशीच घर केलं, आणि वंश चालू राहिला. संशोधक याला 'बिग बर्ड' म्हणतात. ही नवी प्रजाती मानायची की अजून थांबायचं, यावर तज्ज्ञांचं एकमत नाही. या वंशाचे आई-बाप पिढ्यान्‌पिढ्या नोंदवलेले आहेत, तरी अमुक पिल्लापासून नवी जात सुरू झाली असं बोट ठेवून दाखवता येत नाही.