पासष्टी, मेडिकेअर आणि पार्ट डीची पेनल्टी : त्या मेसेजमध्ये खरं किती?

अमेरिकेतल्या मराठी कुटुंबांच्या व्हॉट्सअॅप ग्रुपांवर मेडिकेअरबद्दल, म्हणजे ६५ वर्षांपुढच्यांसाठी आणि काही अपंगांसाठी असलेल्या तिथल्या सरकारी आरोग्य विम्याबद्दल, एक मेसेज पुन्हा पुन्हा फिरतो. त्याचा मथितार्थ असा : ‘अपंगत्वामुळे ज्यांना आधीच मेडिकेअर मिळालंय, त्यांनी ६५ पूर्ण झाल्यावर काहीच करायचं नसतं, सगळं आपोआप होतं. औषधांचा पार्ट डी आधी घेतला नसेल तर आता घेऊच नका, मागच्या सगळ्या वर्षांची पेनल्टी जन्मभर मानगुटीवर बसेल. कंपनीचा इन्शुरन्स असेल तर पार्ट डीचा विचारही नको. औषधं थोडीच लागत असतील तर डिस्काउंट कार्ड पुरे.’

पाठवणाऱ्यांचा हेतू चांगलाच असतो. पण अपंगत्वाचं मेडिकेअर मिळतं तेच मुळात सोशल सिक्युरिटीचा अपंगत्व भत्ता सुरू होऊन साधारण २४ महिने झाल्यावर. म्हणजे हा सल्ला ज्यांच्या हाती पडतो ती माणसं आजारपण, सुटलेली नोकरी आणि कागदपत्रं यांनी आधीच दमलेली असतात. त्यांना चुकीची माहिती मिळणं मला अजिबात सोसत नाही.

‘मागच्या सगळ्या वर्षांची पेनल्टी जन्मभर बसेल’

सगळ्यात जास्त नुकसान या वाक्याने होतं, कारण ते अर्धं खरं आहे. नाव नोंदवण्याची पहिली मुदत संपल्यावर सलग ६३ दिवस किंवा त्याहून जास्त काळ पार्ट डी किंवा त्याच्या तोडीचा औषधांचा विमा नसेल, तर दंड लागतो. विम्याविना गेलेल्या प्रत्येक पूर्ण महिन्याला राष्ट्रीय मूळ प्रीमियमचा १ टक्का, असा हिशेब. २०२६ साठी हा मूळ प्रीमियम ३८.९९ डॉलर आहे. तुमच्या स्वतःच्या प्लॅनच्या प्रीमियमशी याचा संबंध नाही, प्लॅन शून्य डॉलरचा असला तरी दंड वेगळा भरावाच लागतो. मूळ प्रीमियम दरवर्षी बदलतो, तसा दंडही बदलतो. आणि सर्वसाधारणपणे पार्ट डी असेपर्यंत तो सुटत नाही.

मेसेज लिहिणाऱ्याला पुढचं माहीत नसावं. अपंगत्वामुळे मेडिकेअर मिळालेल्यांना ६५ व्या वर्षी नोंदणीची मुदत दुसऱ्यांदा, नव्याने मिळते, आणि त्याआधीचे विम्याविना गेलेले महिने हिशेबातून पुसले जातात.

समजा, एका बाईंना ५७ व्या वर्षी मेडिकेअर मिळालं. पार्ट डी त्यांनी ४० महिने उशिरा घेतला. ३८.९९ चे ४० टक्के, जवळच्या दहा सेंटपर्यंत धरून, महिन्याला १५.६० डॉलर. पासष्टी आली की हा दंड शून्य होतो. दंड भरत असलेल्यांनाही हे लागू आहे आणि ज्यांनी दंडाच्या भीतीने पार्ट डी घेतलाच नाही त्यांनाही. या दुसऱ्यांना ‘आता घेऊच नका’ म्हणणं म्हणजे पाटी कोरी होत असतानाच तिच्यावर नवा दंड लिहायला सांगणं. पार्ट डी न घेतलेल्या एखाद्या बाई ही नवी मुदतही हुकवून समजा २४ महिने थांबल्या, तर आजच्या दराने ९.४० डॉलर दरमहा, आणि हा दंड पुसायला तिसरी मुदत नाही.

‘सगळं आपोआप होतं’

पार्ट ए (हॉस्पिटलचा विमा) आणि बी (डॉक्टर, तपासण्यांचा विमा) चालू राहतात, कार्डही तेच चालतं. पार्ट डीचा प्लॅन असेल तर तोही चालू राहतो. पण प्लॅन नसेल तर बहुतेकांच्या बाबतीत कोणी तो आपणहून लावून देत नाही. मेडिकेड (कमी उत्पन्नवाल्यांचा सरकारी विमा) किंवा ‘एक्स्ट्रा हेल्प’ (औषधांच्या खर्चासाठी कमी उत्पन्नवाल्यांना मिळणारी सरकारी मदत) असलेल्यांचं वेगळं, त्यांना प्लॅनमध्ये घातलं जातं आणि एक्स्ट्रा हेल्प असेपर्यंत उशिराचा दंडही लागत नाही.

नवी मुदत सात महिन्यांची. १४ जून १९६१ चा जन्म असेल तर १ मार्च ते ३० सप्टेंबर २०२६. जन्म महिन्याच्या एक तारखेचा असेल तर सगळं एक महिना अलीकडे सरकतं.

बरेच जण ही मुदत ६७ व्या वर्षाशी जोडतात, कारण १९६० किंवा त्यानंतर जन्मलेल्यांचा अपंगत्व भत्ता ६७ ला निवृत्तीच्या भत्त्यात बदलतो. तो पैशांचा बदल आहे. मेडिकेअरचा काटा ६५ वरच फिरतो.

इथेच एक जोडून सांगायला हवं. पार्ट बी असेल तर पासष्टीला मेडिगॅप, म्हणजे मेडिकेअर भरत नाही तो खर्च उचलणारा खासगी पूरक विमा, घेण्यासाठी सहा महिने असे मिळतात की कंपनी आजारपणाचं कारण देऊन नाकारू शकत नाही. जुनाट दुखणं असलेल्यांसाठी ही संधी मला पार्ट डीच्या दंडापेक्षाही मोलाची वाटते, आणि मेसेजमध्ये तिचा उल्लेखही नाही.

‘कंपनीचा इन्शुरन्स असेल तर विषय संपला’

तुमच्या किंवा जोडीदाराच्या नोकरीतून विमा आहे, एवढं पुरत नाही. त्यातलं औषधांचं संरक्षण ‘क्रेडिटेबल’, म्हणजे सरासरीने निदान पार्ट डीच्या प्रमाणित प्लॅनइतकं, असावं लागतं. तसं ते आहे की नाही हे कंपनीने दरवर्षी १५ ऑक्टोबरच्या आत लेखी कळवायचं असतं. ते पत्र जाहिरातींच्या गठ्ठ्यात जातं आणि फेकलं जातं. कृपा करून फेकू नका, पुढे कधी वाद झाला तर तोच पुरावा.

मागच्या वर्षीचं पत्र यंदा चालेलच असंही नाही. २०२२ च्या कायद्यानंतर पार्ट डी खूप सुधारला. औषधांसाठी स्वतःच्या खिशातून करायच्या खर्चावर २०२५ मध्ये २,००० आणि २०२६ मध्ये २,१०० डॉलरची मर्यादा आली. तुलनेची पट्टीच वर गेली, त्यामुळे मोठ्या डिडक्टिबलचे (विमा सुरू होण्याआधी स्वतः भरायच्या रकमेचे) काही प्लॅन, जे पूर्वी बसत होते, ते आता बसत नाहीत.

आणि नोकरीचा विमा सुटला की लोक हमखास म्हणतात, ‘नाव नोंदवायला आठ महिने आहेत हो.’ आठ महिने पार्ट बीसाठी. पार्ट डीसाठी, विमा संपला तो महिना सोडून पुढचे दोन. या गल्लतीपायी एरवी काटेकोर असणारी माणसंही दंडात अडकतात. कोब्रा (नोकरी सुटल्यावर स्वतःच्या पैशाने चालू ठेवलेला कंपनीचा विमा) घेतला असेल तर तोही तपासा : त्यातलं औषधांचं संरक्षण क्रेडिटेबल असू शकतं, पण पार्ट बीच्या मुदतीसाठी कोब्रा धरला जात नाही.

‘डिस्काउंट कार्ड पुरे’

नाही. गुडआरएक्ससारखं कार्ड म्हणजे सवलत, विमा नव्हे. पुण्याहून येणाऱ्या कोणाबरोबर मागवलेल्या सहा महिन्यांच्या गोळ्यांचंही तेच. पैसे वाचत असतील, पण हे महिने विम्याविना गेलेलेच धरतात. आज एकच गोळी लागत असेल तर कमीत कमी प्रीमियमचा प्लॅन घ्या, दंडाचं घड्याळ थांबतं. व्हीए (माजी सैनिकांची आरोग्यसेवा) किंवा ट्रायकेअरचं (सैन्यातल्यांचा आणि त्यांच्या कुटुंबांचा विमा) संरक्षण असेल तर मात्र ते क्रेडिटेबल आहे, काळजी नको.

दंडाचं पत्र आलंच तर

पासष्टीनंतरच्या बिलात जुना दंड दिसत राहिला तर आधी प्लॅनला फोन करा. १-८००-६३३-४२२७ या मेडिकेअरच्या नंबरवर दुभाषी मागता येतो, आणि प्रत्येक राज्यात ‘शिप’ नावाची मोफत सल्लासेवा आहे, तिथे कोणी काही विकत नाही. दंड मान्य नसेल तर पत्राच्या तारखेपासून ६० दिवसांत फेरविचाराचा अर्ज करायचा, सोबत क्रेडिटेबल विम्याची पत्रं जोडायची. निर्णय येईपर्यंत दंड भरत राहायचा. निर्णय तुमच्या बाजूने लागला तर भरलेले पैसे परत मिळतात.