मेगन म्हणजे मेघना नव्हे

वेल्समधल्या कार्डिफच्या भाचीला मुलगी झाली आणि ग्रुपवर फॉरवर्ड हजर: ‘वेल्समधल्या मुलींची नावं मुळात संस्कृत! मेगन म्हणजे मेघना, अंगहारद म्हणजे अंगारिका, रिआनन म्हणजे राज्ञी, वेंडी म्हणजे वंदना. पाच हजार वर्षं जशीच्या तशी!’ पाठवणारी माझी सख्खी ताई. आता नातीचं नाव मेगनच ठेवायचं म्हणून ती अडून बसली आहे.

ठेवा की मेगन, छान नाव आहे. पण त्यात मेघ शोधू नका. मेगन हे मार्गारेटचं वेल्श लाडकं रूप. मेगला पुढे ‘अन’ लागला. मार्गारेट मूळ ग्रीक, अर्थ मोती. मराठी जोड लावायचीच तर मुक्ता लावा, मेघना कुठून आली? वेल्शमध्ये ढगाला ‘कुमुल’ म्हणतात, तोही लॅटिनकडून घेतलेला. १९२९ साली अँगलसी या वेल्श बेटावरून निवडून आलेल्या वेल्समधल्या पहिल्या महिला खासदार मेगन लॉइड जॉर्ज. त्याही मेघनाच का?

अंगहारदमध्ये आगबिग काही नाही. ‘कार’ म्हणजे प्रेम, त्याच्याआधी जोर देणारा उपसर्ग. अर्थ ‘फार लाडकी’.

रिआननचं थोडं मान्य करावं लागतं. अभ्यासक तिचं मूळ ‘रिगान्तोना’, म्हणजे महाराणी, असं मांडतात आणि त्यातला ‘रिग’ आपल्या ‘राजन्’चा नातलग आहेच. पण नातलग म्हणजे पोटची लेक नव्हे. भाषापंडित विल्यम जोन्स यांनी (त्यांचे वडीलही अँगलसीचेच) १७८६ साली कलकत्त्यात एशियाटिक सोसायटीपुढे सांगितलं की संस्कृत, ग्रीक, लॅटिन एकाच मूळ भाषेतून आल्या, ती भाषा कदाचित आता उरलेलीही नाही, आणि केल्टिकही (वेल्श याच गटातली) बहुधा त्याच कुळातली. संस्कृतमधून बाकीच्या निघाल्या, असं ते म्हणालेच नाहीत.

चीड येते ती वेगळ्याच गोष्टीची. एकोणिसाव्या शतकात वेल्समधल्या कित्येक शाळांत वेल्श बोलणाऱ्या पोराच्या गळ्यात शिक्षा म्हणून ‘वेल्श नॉट’ची लाकडी पाटी अडकवत. एवढं सोसून टिकलेल्या भाषेतली नावं आपण खुशाल आपल्या खात्यावर जमा करायची? ताई, निदान भाचीच्या शेजारणींना तरी हे ऐकवू नकोस.

‘पाच हजार वर्षं’ तर सोडूनच द्या. सेरेन म्हणजे तारा, एइरा म्हणजे बर्फ, कारिस प्रेमावरून. ही आज सर्रास ऐकू येणारी नावं रुळली ती गेल्या शतका-दीड शतकात. आणि ती वेंडी? ती १९०४ च्या एका इंग्रजी नाटकामुळे घरोघरी पोचली.