अंटार्क्टिक करार 2048 मध्ये संपत नाही

समाजमाध्यमांवर सतत फिरणाऱ्या एका मजकुरात तीन विधाने केलेली असतात: अंटार्क्टिका खंड शांततेसाठी आणि विज्ञानासाठी राखून ठेवणारा अंटार्क्टिक करार 2048 साली संपेल आणि तिथे खाणकाम सुरू होईल, तोवर चालणारे वैज्ञानिक सहकार्य हा जागा अडवून ठेवण्याचा देखावा आहे, आणि भारताला या सगळ्यात काही स्थान नाही. यातले पहिले विधान मला सर्वांत घातक वाटते, कारण तिथल्या खाणकामावरची बंदी आपोआप उठणारच आहे असे लोकांनी धरून चालले, की ती टिकवण्याची मागणी करायला कोणी उरत नाही.

मूळ करारावर 1 डिसेंबर 1959 रोजी वॉशिंग्टनमध्ये 12 देशांनी सह्या केल्या आणि 23 जून 1961 पासून तो अमलात आला. त्याला समाप्तीची तारीखच नाही. 2048 हे वर्ष येते ते 1991 च्या माद्रिद प्रोटोकॉलमधून, म्हणजे मूळ कराराला जोडलेल्या पर्यावरणरक्षणाच्या पूरक करारातून, ज्याच्या सातव्या कलमाने वैज्ञानिक संशोधन वगळता खनिजांशी संबंधित प्रत्येक कृतीवर बेमुदत बंदी घातली आहे. हा प्रोटोकॉल 14 जानेवारी 1998 रोजी लागू झाला, आणि त्यानंतर 50 वर्षे उलटल्यावर निर्णयाचा अधिकार असलेला कोणताही सल्लागार देश फेरविचार परिषदेची मागणी करू शकतो, एवढेच पंचविसावे कलम सांगते. परिषद भरली म्हणून बंदी उठत नाही. बदल मंजूर व्हायला बहुमत हवे, त्या बहुमतात 1991 साली सल्लागार असलेल्या 26 देशांपैकी तीन चतुर्थांश हवेत, आणि मंजूर झालेला बदल प्रत्यक्ष लागू व्हायचा तर त्या 26 पैकी प्रत्येकाचे अनुसमर्थन, म्हणजे त्या देशाची अंतिम औपचारिक मंजुरी, हवे. शिवाय खाणकामाचे नियमन करणारी बंधनकारक कायदेशीर व्यवस्था अस्तित्वात असल्याखेरीज ही बंदी काढता येत नाही. एक पळवाट मात्र खरोखर आहे: मंजूर झालेला बदल तीन वर्षांत लागू झाला नाही, तर एखादा देश प्रोटोकॉलमधून बाहेर पडण्याची सूचना देऊ शकतो. काळजी करायची तर या तरतुदीची करावी.

सहकार्य देखावा आहे, या म्हणण्याला व्होस्टोकचे उदाहरण पुरेसे उत्तर देते. शीतयुद्ध सुरू असताना या सोव्हिएत तळावर रशियन तंत्रज्ञ बर्फात छिद्र पाडत होते, फ्रेंच प्रयोगशाळा त्यातून निघालेल्या हिमगाभ्याचे, म्हणजे बर्फाच्या लांब दंडगोलाचे, विश्लेषण करत होत्या आणि अमेरिकी विमाने वाहतुकीचा भार उचलत होती. 1998 च्या जानेवारीत हे छिद्र 3,623 मीटरपर्यंत पोहोचले, आणि 1999 मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांतून गेल्या सुमारे 4 लाख 20 हजार वर्षांत तापमान व कार्बन डायऑक्साइड जोडीने कसे बदलत गेले ते जगाला कळले. तिघांपैकी कोणालाही हे एकट्याने त्या काळात साधले नसते. राजकारण तिथे नाही, असे मी म्हणत नाही. सात देशांचे भूभागावरील दावे कराराने गोठवले आहेत, मिटवलेले नाहीत. रॉस समुद्राचे संरक्षित क्षेत्र 2016 मध्ये एकमताने ठरले, पण पूर्व अंटार्क्टिका आणि वेडेल समुद्राचे प्रस्ताव रशिया व चीनच्या विरोधामुळे अडले. मात्र सहकार्य कुठे अडते हे दाखवल्याने ते खोटे ठरत नाही.

राहिला भारत. डॉ. सय्यद झहूर कासिम यांच्या नेतृत्वाखाली पहिली भारतीय मोहीम डिसेंबर 1981 मध्ये गोव्याहून निघाली, आणि या कामाचे मुख्य ठाणे असलेले राष्ट्रीय ध्रुवीय आणि महासागर संशोधन केंद्र आजही वास्कोलाच आहे. ‘मैत्री’ तळाकडे जाणारे आपले शास्त्रज्ञ केपटाउनहून अनेक देशांनी मिळून चालवलेल्या हवाई सेवेने शेजारच्या रशियन तळाच्या धावपट्टीवर उतरतात. ‘भारती’ तळ लार्समन टेकड्यांच्या परिसरात आहे, जिथे रशिया आणि चीन यांचेही तळ आहेत. सर्वांत महत्त्वाचे म्हणजे भारत सप्टेंबर 1983 मध्येच सल्लागार देश झाला, म्हणून तो त्या 26 देशांत मोडतो. 2048 नंतरच्या फेरविचार परिषदेने खाणबंदी बदलायचे ठरवले, तरी भारताच्या अनुसमर्थनाशिवाय तो बदल लागू होऊ शकणार नाही.