‘सगळं माहीत असून डॉक्टरांनी लपवलं’ या एक स्टारच्या रिव्ह्यूला सेंटरकडून उत्तर

नमस्कार ताई,

आईंच्या पेट-सीटी स्कॅनचा रिपोर्ट रात्री मोबाइलवर आला, त्यातला ‘मेटास्टॅसिस’ (म्हणजे कॅन्सर शरीरात दुसरीकडे पसरणं) हा शब्द गूगलवर शोधला आणि घरात रडारड झाली. सकाळी विचारायला आलो तर ‘तुमच्या ऑन्कॉलॉजिस्टना (कॅन्सरच्या डॉक्टरांना) भेटा’ एवढंच ऐकवलं, असं आपण लिहिलंय. आपल्याला जो त्रास झाला त्याबद्दल मनापासून माफी मागतो.

पण ‘लपवलं’ हा शब्द फार लागला.

या तपासणीत आम्ही शिरेतून किरणोत्सारी साखर देतो. जिथे ती जास्त ओढली जाते, तो भाग चमकतो. कॅन्सरची गाठ चमकते, तशी टीबीची गाठही चमकते. जंतुसंसर्ग, ऑपरेशनची ताजी जखम, रेडिएशननंतरची सूज, हेही चमकतं. केमोनंतर पांढऱ्या पेशी वाढवायचं इंजेक्शन झालं असेल तर हाडांतली मज्जासुद्धा उजळते. आपल्याकडे टीबी किती आहे हे मी सांगायला नको. म्हणून मेटास्टॅसिसच्या पुढेच ‘शक्यता, बायोप्सीने खात्री करावी’, म्हणजे गाठीचा तुकडा काढून तपासावा, असं लिहिलेलं असतं. गूगलवर तो एकच शब्द गेला, पुढचं वाक्य गेलं नाही. बायोप्सी, जुने स्कॅन, चालू औषधं हे सगळं ज्यांच्यासमोर आहे त्यांनीच निदान सांगावं. काउंटरवर उभ्या उभ्या ‘पसरलाय’ म्हणायचं आणि पुढे तो टीबी निघाला, तर ते शब्द मी परत कसे घेऊ?

आणखी एक. रिपोर्ट दुसऱ्या दिवशी दुपारी मिळतो, तसा बोर्ड लावलेला आहे. त्या संध्याकाळी वारंवार फोन करून पीडीएफ मागवली ती आपल्या भावांनी. ‘आईला काही कळू देऊ नका’ हेही तेच म्हणाले होते. सकाळी आई आपल्या शेजारी उभ्या होत्या. त्यांच्यासमोर मी काय बोलायला हवं होतं?

मिरजेत हे मशीन कर्ज काढून आणलं, ते इथल्या पेशंटला स्कॅनसाठी पुण्या-मुंबईला जावं लागू नये म्हणून. असा रिव्ह्यू वाचून लोक यायचे थांबतात.

रात्री रिपोर्ट पाठवण्याबाबत स्टाफशी बोलून काहीतरी नियम करतोय.

आईंना स्वतःला ऐकायचं असेल तर त्यांना घेऊन, सीडीसकट, संध्याकाळी या. स्क्रीनवर काय दिसतं, काय नक्की आहे आणि काय नाही, ते शांतपणे दाखवतो. फी नाही. स्टार राहू दे, पण ‘लपवलं’ तेवढं काढावं ही विनंती.

— संचालक व रेडिओलॉजिस्ट