"ग्रेड वन? अहो, ते तर सगळ्यांनाच असतं!"

इंदूरच्या मराठी घरांत सोनोग्राफीच्या रिपोर्टात फॅटी लिव्हर, म्हणजे लिव्हरमध्ये साठलेली चरबी, निघाली की हे वाक्य ठरलेलं. टिळक नगर घ्या, सुदामा नगर घ्या. आणि ते तसं खोटंही नाही. २०२२ मध्ये एम्सच्या डॉक्टरांनी देशभरातल्या अभ्यासांचा एकत्र हिशेब मांडला, तेव्हा प्रौढांमध्ये फॅटी लिव्हरचं प्रमाण ३८ टक्क्यांच्या वर निघालं. मला राग येतो तो "मग काय एवढं" या सुराचा.

ग्रेडवरून चरबी किती ते कळतं. लिव्हर आतून किती कडक झालंय, म्हणजे फायब्रोसिस आहे का, ते कळत नाही. आणि सिरोसिसकडे, म्हणजे लिव्हर कायमचं खराब होण्याकडे, नेतं ते फायब्रोसिसच. त्याचा पहिला अंदाज हातातल्याच रक्ताच्या रिपोर्टमधून निघतो: वय, एसजीओटी आणि एसजीपीटी (लिव्हरच्या तपासणीतले दोन आकडे) आणि प्लेटलेट. या चार आकड्यांच्या गणिताला फिब-४ म्हणतात. १.३ च्या खाली असेल तर सहसा चिंता नाही (पासष्टीनंतर ही मर्यादा २ धरतात), २.६७ च्या वर गेलं तर लिव्हरच्या डॉक्टरांकडे जा, मधलं आलं तर फायब्रोस्कॅन, म्हणजे लिव्हरचा कडकपणा मोजणारी तपासणी. शुगरवाल्यांनी तर हे विचारायलाच हवं. हा आकडा रिपोर्टखाली छापायला लॅबवाल्यांना काय जड जातं, देव जाणे.

"आमचे हे तर दारूच्या थेंबालाही शिवत नाहीत." नसतील शिवत! पण लिव्हरवर चरबी काही नुसत्या दारूनंच चढत नाही. नेहरू पार्कात फेऱ्या मारून मंडळी थेट पोह्यांच्या गाडीवर. वर मूठभर शेव, जीरावन मसाला, शेजारच्या कढईतली पाक गळणारी जलेबी, आणि ती द्रोणात पडेपर्यंत शुगरची कोणती गोळी चांगली यावर चर्चा. बारीक माणसंही सुटत नाहीत. हातपाय काटकुळे, पोट तेवढं पुढे. पुरुषांची कंबर ९० सेंटीमीटर आणि बायकांची ८० च्या वर गेली की सावध व्हायचं. आमच्या काकवांचं तर साडीत काही दिसतच नाही.

लिव्हर टॉनिकच्या बाटल्या आणू नका. वजन जास्त असेल तर ते ७ ते १० टक्के उतरलं की चरबी आणि सूज दोन्ही कमी होतात. ऐंशी किलोच्या माणसाचे सहा-आठ किलो, बस.

हे सगळं आपल्याला निदान इंदुरात जमतं. झाबुआ-खरगोनकडच्या खेड्यातल्या माणसाला कंबर मोजायला कोण सांगणार? तो इथे येतो तो पोटात पाणी झाल्यावर. केंद्र सरकारनं २०२१ मध्येच फॅटी लिव्हर राष्ट्रीय कार्यक्रमात घेतलं, पण कागद आणि खाट यांच्यामध्ये बरंच अंतर असतं.

गणेशोत्सवात आपली मंडळं आरोग्य शिबिरं घेतात, शुगर-बीपी तपासतात. यंदा कंबरही मोजा, आणि ज्यांच्याकडे रिपोर्ट असेल त्यांचं फिब-४ काढून द्या. टेप मी आणते, गणित मोबाइलवर होतं. कोण येतंय, कमेंटमध्ये सांगा.