घर तुमचं असेल, रात्र तुमच्या बापाची नाही

शेजारच्या माणसाला रात्री गाणी ऐकायची हौस आहे. असू दे. कानात हेडफोन घालून पहाटेपर्यंत ऐक म्हणावं, कोणाच्या पोटात दुखणार नाही. पण एकट्याने ऐकून त्याचं समाधानच होत नाही. जेवणं आटोपली, गल्लीतले दिवे मालवायला लागले, की याच्या हॉलमधलं होम थिएटर सुरू. त्याचा तो भलामोठा सबवूफर नेमका आमच्या बाजूच्या भिंतीला टेकवून ठेवलाय. उन्हाळ्यात तर चाकांचा ट्रॉली स्पीकर गच्चीवर चढतो, त्यात लाल-निळे दिवे लागतात, मित्र जमतात आणि मग साडेअकरा काय अन् साडेबारा काय. वेळेचं भान राहत नसेल असं मला कोणी सांगू नका. मी आमच्या गच्चीवर आले की तो वळून बघतो, बघून घेतो आणि आवाज तसाच ठेवून पाठ फिरवतो. समोरचा जागा आहे, त्रासला आहे, हे पाहूनही ज्याचा हात बटणाकडे जात नाही, त्याला काय म्हणायचं?

मी नर्स आहे. नागपूरच्या धंतोलीतल्या एका हॉस्पिटलच्या आयसीयूत. मॉर्निंग ड्युटी असली की साडेसहाला मानेवाड्याहून गाडी काढायची, त्याआधी डबे, पाणी भरणं, घरचं सगळं. म्हणजे पाचला उठणं आलंच. ड्युटीवर पाय ठेवला की हँडओव्हर, मग एकेका पेशंटचे औषधाचे पंप तपासायचे. इन्सुलिन ताशी किती मिली चाललंय, बीपीचं औषध किती चाललंय. तिथे दशांशचिन्ह इकडचं तिकडे झालं तर माणूस जातो. प्रत्येक आकडा दोनदा वाचायचा, सोबतच्या सिस्टरला मोठ्याने वाचून दाखवायचा, ही आमची रोजची शिस्त. आणि ही शिस्त मी कशाच्या जोरावर पाळायची? रात्री एकपर्यंत छातीत धडधड धडधड झेलून, डोळ्यांत जाळ घेऊन? ज्याचा बाप किंवा ज्याची आई माझ्या बेडवर आहे, त्याला विचारा की त्याला कशी नर्स पाहिजे.

नाइट ड्युटी लागली की मी दिवसा झोपते. तेव्हा मी कोणाला एक अक्षर बोलत नाही. भाजीवाला ओरडतो, भंगारवाला भोंगा लावून जातो, समोर बांधकामावर टाइल्स कापायची मशीन किंचाळते, पोट्टे क्रिकेट खेळतात. तो दिवस आहे, लोकांना त्यांची कामं आहेत. मी कानात कापूस घालते आणि पडते. म्हणून ‘तुम्हाला काहीच सहन होत नाही’ हे माझ्या तोंडावर म्हणायचा हक्क या गल्लीत कोणालाही नाही.

ध्वनिप्रदूषणाचे नियम २००० सालचे आहेत. राहत्या वस्तीत दिवसा ५५ डेसिबल, रात्री ४५. रात्र म्हणजे दहा ते सहा. हॉस्पिटलच्या आसपासच्या शांतता क्षेत्रात रात्रीची मर्यादा ४०. म्हणजे जिथे माणसं व्हेंटिलेटरवर आहेत तिथे ४० आणि आमच्या गल्लीत ४५, फरक फक्त पाचचा. झोपलेल्या माणसाला जवळपास आजारी माणसाइतकीच शांतता लागते, हे नियम लिहिणाऱ्यांना कळलं होतं. शेजारच्याला कळत नाही.

आता त्याच्या बायकोने मला काय सांगावं? ‘ताई, तुम्ही खिडक्या लावून घेत जा ना.’ नागपुरात राहून ही गोष्ट बोलवते तरी कशी! मे महिन्यात इथे पारा ४५ ओलांडतो. रात्री अकरालाही भिंतीला हात लावला तर भिंत गरम लागते, टाकीतलं पाणी गरम येतं. घरोघरी कूलर आहेत, आमच्याकडेही आहे, कारण दर खोलीत एसी लावून त्याचं बिल भरणं सगळ्यांना जमत नाही. आणि कूलर बंद खोलीत चालत नाही हे इथल्या लहान पोरालाही ठाऊक आहे. तो बाहेरची कोरडी हवा ओल्या जाळीतून आत ओढतो, ती हवा खोलीतून निघून जायला समोरचं दार किंवा खिडकी उघडी लागते. बंद करून पाहा, थोड्याच वेळात खोली दमट, अंग चिकचिक, चादर ओली. म्हणजे त्याच्या हौसेसाठी मी उकडून घ्यायचं. आणि गच्चीवर झोपायचं म्हटलं, जशी अर्धी गल्ली उन्हाळ्यात झोपते, तर तिथे याचा ट्रॉली स्पीकर. घरातही नाही, गच्चीवरही नाही. मग मी जायचं कुठे?

त्यावर पुन्हा: ‘तुमच्या कूलरचाही आवाज असतोच की.’ असतो. पण तो एकसारखा असतो. एकसारख्या आवाजाला कान सरावतो आणि माणूस झोपतो. पंख्याच्या, पावसाच्या आवाजात झोप लागते ती त्यामुळेच. ठोका पडतो, थांबतो, पुन्हा पडतो, मध्येच गाणं बदलतं, अचानक कोणीतरी ओरडतो, त्याला कान सरावत नाही. दर ठोक्याला शरीर दचकतं. आणि बेस, म्हणजे गाण्यातला खालचा धडधडता आवाज, तो तर भिंतीतून येतो. बारीक, चिरका आवाज वीट अडवते, खालचा घुमणारा आवाज अडवत नाही. खिडकी लावा, पडदे लावा, कानात बोळे घाला, तो पलंगातून वर येतो. स्वयंपाकघरातल्या मांडणीवरचे स्टीलचे ग्लास थरथरतात, मी हात लावून पाहिलंय. त्यातही मोजणीचं जे माप नियमात आहे, त्यात या खालच्या आवाजाला वजन कमी दिलं जातं. म्हणजे मीटरवर आकडा त्या मानाने कमी दिसतो आणि छातीवर मात्र घण पडत असतात.

मी आधी नीटच बोलले. गेटजवळ उभी राहून, हसून, ‘भाऊ, दहानंतर थोडं कमी ठेवाल का, सकाळची ड्युटी असते.’ तर म्हणे, ‘हो हो ताई, आज थोडं पाहुणे आहेत.’ दुसऱ्या वेळी म्हणे, ‘शनिवार आहे ना ताई.’ पुढच्या वेळी वाढदिवस. मग मॅच जिंकली म्हणून. आणि एकदा कारणं संपली तेव्हा तोंडातून खरं ते निघालं: ‘माझं घर आहे, मी काहीही करीन. तुमच्या घरात येऊन वाजवून राहिलो का?’

हो, माझ्या घरातच येऊन वाजवून राहिला आहेस! तुझा स्पीकर तुझ्या घरात आहे, आवाज माझ्या घरात आहे, माझ्या पलंगाखाली आहे. आवाजाला तुझं कंपाउंड समजत नाही. आणि हे मी एकटी म्हणत नाही. सर्वोच्च न्यायालयाने १८ जुलै २००५ च्या निकालात हेच सांगितलं आहे: स्वतःच्या जागेतसुद्धा असा आवाज करण्याचा हक्क कोणालाही नाही, जो त्या जागेच्या बाहेर जाऊन शेजाऱ्यांना त्रास देईल. शांततेने जगण्याचा हक्क घटनेच्या कलम २१ मध्ये येतो, हेही त्याच निकालात आहे.

तो खटला कशावरून उभा राहिला हे माझ्या गल्लीने एकदा वाचावं. १३ वर्षांच्या एका मुलीवर बलात्कार झाला. ती मदतीसाठी ओरडत होती. शेजारी लाउडस्पीकरवर मोठ्याने गाणी चालू होती, तिचा आवाज कोणालाही ऐकू गेला नाही. त्याच संध्याकाळी त्या मुलीने स्वतःला जाळून घेतलं. ही बातमी १९९८ च्या जानेवारीत छापून आली आणि त्यावरून ती याचिका झाली. ‘थोडी गाणी वाजवली तर काय बिघडलं’ म्हणणाऱ्यांनी मला सांगावं, आमच्या गल्लीत रात्री बाराला एखाद्या घरात कोणाच्या छातीत कळ आली, कोणी बाथरूममध्ये पडलं, कोणी हाक मारली, तर या गोंगाटात कोणाला ऐकू येणार आहे? मी आयसीयूत काम करते. वेळेवर आलेला आणि अर्ध्या तासाने आलेला पेशंट यांतला फरक मी रोज बघते.

पोलिसांना फोन केला. गाडी आली, हे मी मान्य करते. पण गाडीचा दिवा कोपऱ्यावर दिसला तसा आवाज बंद. ‘मॅडम, आता तर काही वाजून नाही राहिलं.’ मग माझं नाव, घर नंबर, काय करता, घरात कोण कोण आहे. आणि शेवटी, ‘शेजारी शेजारी आहात, आपसात मिटवून घ्या.’ आपसात मिटलं असतं तर रात्री बाराला मी फोन करत बसले असते का? गाडी वळली, पाच मिनिटं गेली आणि पुन्हा सुरू. पहिल्यापेक्षा जास्त. दुसऱ्या दिवशी सकाळी तो गेटवर उभा: ‘तुम्ही आमच्यावर पोलीस बोलावून राहिले का?’ त्याला माझं नाव कोणी सांगितलं? जानेवारी २०२५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने पोलिसांना स्पष्ट सांगितलं आहे की, अशा तक्रारीत तक्रारदाराची ओळख विचारत बसू नका आणि कळली तरी ती समोरच्याला कळू देऊ नका. त्याच उच्च न्यायालयाचं खंडपीठ आमच्या नागपुरात सिव्हिल लाइन्सला आहे. तिथून आमच्या ठाण्यापर्यंत हा आदेश पोचायला अजून किती काळ लागणार?

कारवाई करायची म्हटली तर हातात काही नाही असंही नाही. सार्वजनिक उपद्रवाला भारतीय न्याय संहितेच्या कलम २९२ खाली फार तर १,००० रुपये दंड आहे, तो तर हा माणूस खिशातून काढून देईल आणि त्याच रात्री पुन्हा लावेल. पण पर्यावरण संरक्षण कायद्याखाली आता दंडच किमान १०,००० आहे, तो १५ लाखांपर्यंत जातो. लाउडस्पीकर आणि साउंड सिस्टिम जप्त करण्याची तरतूद करा, हेही सर्वोच्च न्यायालयाने २००५ मध्येच राज्यांना बजावलं. एकदा, फक्त एकदा, तो ट्रॉली स्पीकर पोलिसांच्या गाडीत चढताना गल्लीने पाहिला, तर पुढची कितीतरी वर्षं कोणाला सांगावं लागणार नाही.

आणि या सगळ्यात मला सगळ्यात जास्त संताप येतो तो गल्लीचा. त्यांनाही त्रास आहे. समोरच्या काकू दुपारी माझ्या घरी येऊन हळू आवाजात सांगतात, ‘बाई, माझं डोकं फुटून जाते रात्री.’ कोपऱ्यावरच्या घरातला पोरगा मेडिकलच्या ‘नीट’ परीक्षेची तयारी करतोय, त्याची आई रडकुंडीला येते. पण बोलायची वेळ आली की सगळी दारं बंद. उलट मलाच समजावतात. ‘जाऊ द्या ना, पोट्टे आहेत.’ पोट्टे? पस्तिशी ओलांडलेला, लेकराबाळांचा बाप आहे तो. ‘त्याची ओळख मोठी आहे.’ असेल, मग? आणि एका काकाजींनी तर कमाल केली: ‘बाईमाणसाने रात्री गेटवर जाऊन भांडणं बरं दिसत नाही.’ रात्री बाराला गच्चीवर मित्र जमवून अख्ख्या वस्तीची झोप उडवणं बरं दिसतं, आणि ‘आवाज कमी करा’ म्हणणारी बाई बरी दिसत नाही! पायात काटा रुतला तर काटा तसाच ठेवून पायाला दटावायचं, असला हा न्याय.

‘गणपतीत वाजतं तेव्हा कुठे जाता?’ हाही एक ठरलेला प्रश्न. तेव्हाही मला त्रास होतो आणि तेव्हाही मी बोलते. मिरवणुकीतल्या डीजेने खिडकीच्या काचा हादरतात, रिंग रोडकडच्या लॉनमधल्या लग्नांचे बँड लग्नसराईभर ऐकू येतात, त्या लॉनशेजारी राहणाऱ्यांचे हाल मला माहीत आहेत. पण सणाला निदान नियमात जागा आहे: सरकार वर्षातून जास्तीत जास्त १५ दिवस रात्री बारापर्यंत सवलत देऊ शकतं, आणि तीही बारापर्यंतच. तुझा शनिवार त्या यादीत नाही. तुझ्या मित्राच्या बदलीची पार्टीही नाही. एका चुकीच्या मागे दुसरी चूक उभी करून झोप कोणालाच मिळत नाही.

मी आता तोंडी बोलणं बंद केलंय. अर्ज लिहून तयार आहे. त्यात तारखा आहेत, वेळा आहेत, २००० च्या नियमांचा आणि दोन्ही निकालांचा उल्लेख आहे, मोबाईलवर घेतलेल्या व्हिडिओंची यादी जोडली आहे. एक प्रत ठाण्यात, एक पोलीस आयुक्तालयात, आणि दोन्हीकडून पोच घेतल्याशिवाय मी परत येणार नाही. उद्या संध्याकाळी ड्युटीवरून आले की मी घरोघरी जाणार आहे. काकू, तुमच्याकडे सगळ्यात आधी येते, चष्मा हाताशी ठेवा. ज्यांना सही करायची आहे त्यांनी करावी. ज्यांना करायची नाही त्यांना मी आग्रह करणार नाही, पण त्यांनी यापुढे माझ्या दारात येऊन ‘जाऊ द्या ना’ म्हणायचं नाही.