दोन राज्यांची वॉरंटं आणि आमचा ग्रुप

मे २०२४मध्ये पुण्यात कल्याणीनगरच्या अपघातात दोन जण गेले आणि गाडी चालवणाऱ्या अल्पवयीन मुलाला काही तासांत जामीन मिळाला. अटी काय, तर तीनशे शब्दांचा निबंध लिही आणि पंधरा दिवस वाहतूक पोलिसांबरोबर काम कर. तेव्हापासून आमच्या शाळेच्या ग्रुपवर जामिनाचा विषय निघाला की कुणीतरी लिहितोच, "अमेरिकेत असता तर केव्हाच निकाल लागला असता." त्या निबंधाची चीड मलाही आली होती. पण इतकी खात्री मला न्यू जर्सीत राहूनही वाटत नाही. सध्या तर अजिबातच नाही, कारण माझा एक मित्र इथल्या एका काउंटी (म्हणजे आपल्या जिल्ह्यासारख्या विभागाच्या) जेलमध्ये आहे आणि तो कधी सुटेल हे सांगू शकेल असा माणूस मला अजून भेटलेला नाही.

न्यू जर्सीने २०१७पासून पैसे भरून जामीन घेण्याची पद्धत जवळजवळ बंद केली. ज्या किरकोळ प्रकरणात त्याला पकडलं, त्यात तो एक-दोन दिवसांत घरी आला असता. पण संगणकावर नाव टाकताच दोन वेगळ्या राज्यांची वॉरंटं दिसली. दोन्ही प्रोबेशन मोडल्याची, म्हणजे तुरुंगाऐवजी घातलेल्या अटी मोडल्याची. एका राज्यात दारू पिऊन गाडी चालवल्याचं प्रकरण, दुसऱ्यात दुकानातल्या चोरीचं. दोन्ही त्याने केलं होतं, त्यात वाद नाही. कोर्टांच्या अटी होत्या: नियमित हजेरी, दंडाचे हप्ते, देखरेखीची फी, परवानगीशिवाय राज्य सोडायचं नाही. नोकरी गेली, हप्ते थकले, इकडे काम मिळालं तसा हा कुणाला न सांगता निघून आला. नवा गुन्हा केला नाही तरी एवढ्यावर वॉरंट निघतं. निबंधाच्या अटीला आपण हसलो, पण या देशात सुमारे तीस लाख माणसं प्रोबेशनवर आहेत आणि अट चुकली की आत जायची पाळी येऊ शकते.

अशा वॉरंटवर धरून ठेवण्याला इथे 'होल्ड' म्हणतात. होल्ड लागला की स्थानिक न्यायाधीशाने सोडलं तरी जेल सोडत नाही. ते राज्य येऊन घेऊन जाणार का? माहीत नाही. किरकोळ गुन्ह्यासाठी हजार मैलांवरून दोन पोलीस पाठवणं परवडत नाही म्हणून काही काउंट्या वॉरंटवरच लिहून ठेवतात, फक्त शेजारच्या राज्यांतून आणू. शिक्षा भोगणारा कैदी दुसऱ्या राज्यातला प्रलंबित खटला १८० दिवसांत चालवा अशी मागणी करू शकतो, तसा राज्याराज्यांत करार आहे. पण तो प्रोबेशन मोडल्याच्या प्रकरणांना लागू नाही, असं अमेरिकेच्या सुप्रीम कोर्टाने १९८५ सालीच सांगून टाकलं. त्याच्या बचावासाठी इथे सरकारने दिलेला वकील फक्त इथलं प्रकरण बघतो. तिथला वकील तिथे हजर केल्यावर मिळणार. मधल्या काळात तो कुणाचाच अशील नाही.

त्याची आई मिरजेहून फोन करते. "तारीख कधी आहे रे?" "काकू, त्या दोन केसेसची तारीखच पडलेली नाही." "कोर्ट म्हटल्यावर तारीख नाही असं कसं?" काकूंचा प्रश्न बिनतोड आहे.

मग बाहेरच्या माणसाने करायचं काय? फोनवर केसबद्दल एक अक्षर बोलायचं नाही, कारण प्रत्येक कॉल रेकॉर्ड होतो आणि सरकारी पक्ष तो ऐकू शकतो. कँटीनच्या खात्यात थोडे पैसे टाकायचे. आणि मुख्य काम, ज्या काउंटीचं वॉरंट आहे तिथलाच वकील गाठायचा. तो प्रोबेशन अधिकाऱ्याशी आणि सरकारी वकिलाशी बोलून वॉरंट मागे घ्यायला लावू शकतो. थकलेला दंड ऐपत नसल्यामुळे राहिला असेल, तर चौकशी न करता निव्वळ त्यासाठी तुरुंगात टाकता येत नाही, हा निकाल १९८३चा. शिवाय त्याच्याकडे ग्रीनकार्ड आहे. चोरीच्या प्रकरणात एक वर्ष किंवा जास्त कैदेचा हुकूम झाला तर हद्दपारी ओढवते. ३६४ दिवसांचा झाला तर निदान त्या कलमातून तो सुटतो. लवकर मोकळं व्हायच्या घाईत 'मान्य आहे' म्हणून सही ठोकणारे इथेच फसतात.

हे सगळं मी ग्रुपवर लिहिलं तेव्हा एकाने विचारलं, "म्हणजे आपल्याकडचंच बरं?" तसं नाही. २०२२च्या अखेरीस भारतातल्या तुरुंगांत ५ लाख ७३ हजार कैदी होते, त्यातले शेकडा पंचाहत्तरहून जास्त कच्चे. नव्या नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ४७९ने पूर्वी कधीच दोषी न ठरलेल्या कच्च्या कैद्याला, काही अपवाद सोडता, कमाल शिक्षेचा एक तृतीयांश काळ काढल्यावर सोडायची तरतूद केली. चांगली आहे. पण जामीन मंजूर होऊनही जामीनदार नाही म्हणून माणसं आतच राहतात, आणि त्यावर सुप्रीम कोर्टाला २०२३मध्ये सांगावं लागलं की सात दिवसांत सुटका झाली नाही तर तुरुंग अधीक्षकाने मोफत कायदेशीर मदत देणाऱ्या विधी सेवा प्राधिकरणाला कळवावं. दोन्हीकडे कायदा गृहीत धरतो की बाहेर कुणीतरी धावपळ करणारं आहे. जामीन सहज मिळतो की मिळत नाही यावर आपण भांडतो, पण कल्याणीनगरच्या मुलामागे बाहेर किती माणसं उभी होती आणि येरवड्यातल्या कच्च्या कैद्यामागे किती असतात, हा हिशोब त्या भांडणात येतच नाही.

इथल्या आपल्या मंडळींचंही तेच. गणपतीत याच्या हातची आमटी खाल्लेल्या चौघांना मी वकिलाच्या फीसाठी फोन केले. तिघांनी आधी विचारलं, "पण केलंय काय त्याने?" विचारणं गैर नाही. उत्तर ऐकून फोन ठेवणं मला गैर वाटतं. त्याने काय केलं ते कोर्टाला माहीत आहे, शिक्षाही तेच देईल. आपल्याकडे फक्त फीचा वाटा मागितला होता.

दारूच्या प्रकरणातला थकलेला दंड भरल्यावर त्या काउंटीने वॉरंट मागे घेतलं. चोरीच्या प्रकरणातलं राज्य अजून येतो म्हणत नाही आणि येत नाही असंही म्हणत नाही. इथली केस पुढच्या आठवड्यात मिटेल. त्यानंतर त्या राज्याच्या नावाने तीस दिवस धरता येतं, आणि कोर्टाने वाढवले तर आणखी साठ. तिथली वकील बाई आगाऊ फी मागते आहे. निम्मी जमली आहे.